उभ्या यादीत पूर्णविराम द्यायचा की नाही? आधी क्रियापद शोधा

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण हाच वाद मी १७ वर्षांच्या टेक्निकल रायटिंगमध्ये बऱ्याच ऑफिसांत बघितलाय. तुमच्यासारखे कितीतरी जण त्यात अडकलेले असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही कॉम्प्रेसरच्या रोजच्या देखभालीची एसओपी, म्हणजे काम कसं करायचं ते सांगणारा लेखी कागद, मराठीत लिहिलीत. त्यातली एक यादी तीन जणांनी तपासली. पहिले म्हणाले प्रत्येक ओळीनंतर स्वल्पविराम द्या आणि शेवटच्या ओळीला पूर्णविराम द्या, दुसरे म्हणाले काहीच देऊ नका, तिसरे म्हणाले सगळीकडे पूर्णविराम पाहिजे, आणि तिघंही म्हणतात आमचंच व्याकरण बरोबर. तुम्ही दिलेली यादी अशी आहे:

दररोज सकाळी खालील गोष्टी तपासणे:-
१. ऑईल लेव्हल,
२. बेल्टचा ताण तपासावा;
३. टाकीतलं पाणी काढा.
४. एअर फिल्टर, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेजची काच पुसणे
५. इत्यादी.

शिवाय तुम्ही विचारलंय की यादीच्या आधी नुसता अपूर्णविराम (:) द्यायचा की त्यापुढे आडवी रेघही हवी, "आणि"च्या आधी स्वल्पविराम चालतो का, आणि क्रमांक १, २, ३ द्यायचे की अ, ब, क.

तुमचे तिन्ही तपासणारे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते तीन वेगवेगळ्या घराण्यांचे आहेत. ओळीनंतर स्वल्पविराम किंवा अर्धविराम (;) आणि शेवटी पूर्णविराम ही कायद्याच्या मसुद्यांची आणि जुन्या छापील पुस्तकांची पद्धत, तिथे अख्खी यादी म्हणजे एकच लांबलचक वाक्य असतं आणि ते नुसतं ओळी तोडून लिहिलेलं असतं. काहीच चिन्ह न देण्याची पद्धत ब्रिटिश सरकारच्या वेबसाईटच्या स्टाईल गाईडमध्ये आहे, तिथे बुलेटच्या शेवटी पूर्णविराम नाही, शेवटच्या बुलेटलासुद्धा नाही. मायक्रोसॉफ्टची गाईड म्हणते की ओळ पूर्ण वाक्य असेल तर पूर्णविराम द्या नाहीतर देऊ नका, आणि ओळीच्या शेवटी स्वल्पविराम, अर्धविराम किंवा "आणि" तर अजिबात ठेवू नका. त्यामुळे तुमच्या कंपनीने किंवा क्लायंटने एखादी गाईड ठरवलेली असेल तर विषय तिथेच संपला, तीच पाळा, माझं ऐकू नका. पण तुमच्या प्रश्नावरून दिसतंय की मराठी कागदपत्रांसाठी तुमच्याकडे काहीच ठरलेलं नाही, आणि माझ्या अनुभवात महाराष्ट्रातल्या बहुतेक कारखान्यांत असंच असतं, म्हणजे इंग्रजी मॅन्युअलला गाईड असते आणि मराठीचं काम ज्याच्या हातात पडेल त्याच्या शाळेतल्या आठवणीवर चालतं.

आता खरा प्रॉब्लेम. तुमची यादी परत वाचा, चिन्हं झाकून वाचा. पहिली ओळ नुसतं नाम आहे. दुसरी "तपासावा", म्हणजे विध्यर्थ. तिसरी "काढा", म्हणजे आज्ञा. चौथी "पुसणे". पाचवी म्हणजे काहीच नाही. पाच ओळी, पाच तऱ्हा. अशा यादीला कुठलंही चिन्ह लावलं तरी ते दोन-तीन ओळींना चुकीचंच दिसणार, म्हणून तर तुमचे तीन तपासणारे तीन उत्तरं देतायत, प्रत्येकाची नजर वेगळ्या ओळीवर पडलीय. चिन्हांचा वाद बाजूला ठेवून आधी ओळी एका जातीच्या केल्या ना, की चिन्ह आपोआप ठरतं.

मी शिकाऊ रायटर्सना एकच खूण सांगतो. ओळीत पूर्ण झालेलं क्रियापद आहे का बघा. "करा", "करतो", "आहे", "दिसेल", "उघडावा" अशा शब्दाने ओळ संपली तर ते वाक्य झालं, पूर्णविराम द्या. "करणे", "तपासणी", "लेव्हल", "दोन वॉशर" अशा शब्दाने संपली तर ते नाम आहे, वाक्य नाही, काहीही देऊ नका. "पुसणे" हे क्रियापदासारखं दिसतं पण काम नामाचं करतं हे लक्षात ठेवा, इथेच सगळे फसतात. आणि एका यादीत एकच जात. एक जरी ओळ वाक्य असेल आणि बाकीच्या वाक्य नसतील, तर चिन्हाची तडजोड करत बसू नका, ती ओळ बदला.

करा, करावे, करणे यातलं कुठलं घ्यायचं हा प्रश्न लगेच येतो. ऑपरेटरने हाताने करायच्या पायऱ्या असतील तर मी नेहमी "करा" घेतो, कारण मशीनसमोर उभ्या माणसाला सरळ सांगितलेलं बरं पडतं. "करावे" आपल्याकडे सरकारी पत्रांतून आलंय, ते केलंच पाहिजे की केलं तर बरं हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि सेफ्टीच्या ओळीत हा संशय राहून चालत नाही. "करणे" मी चेकलिस्टला ठेवतो, जिथे शेजारी टिक मारायचा चौकोन असतो, तिथे ओळ म्हणजे कामाचं नुसतं नाव असतं आणि पूर्णविरामाची गरजच नसते. म्हणजे तुमचीच यादी भिंतीवरच्या तक्त्यात गेली तर बिनचिन्हांची होईल आणि एसओपीच्या पानावर राहिली तर पूर्णविरामांची होईल, आणि दोन्ही बरोबर.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो इंग्रजी गाईडमध्ये सापडणार नाही. इंग्रजीत क्रियापद कर्माच्या आधी येतं, म्हणून इंग्रजी लिहिणारा अर्धं वाक्य लिहून अपूर्णविराम देतो आणि उरलेलं वाक्य बुलेटमध्ये पुरं करतो, प्रत्येक बुलेट त्या अर्ध्या वाक्याला व्यवस्थित जोडली जाते. ब्रिटिश सरकारची पद्धत याच्यावरच उभी आहे. मराठीत क्रियापद शेवटी. मग इंग्रजीवरून उतरवलेली यादी अशी होते:

या पॅनलवरून तुम्ही:
• मोटर चालू किंवा बंद
• टायमर सेट
• जुने अलार्म बघू
शकता.

हे "शकता" बिचारं यादीच्या तळाशी एकटं पडतं, किंवा अनुवादक ते प्रत्येक ओळीत कोंबतो, किंवा गाळूनच टाकतो. त्यात अनुवादाची सॉफ्टवेअरं प्रत्येक बुलेट वेगळा तुकडा म्हणून समोर आणतात, त्यामुळे अनुवादक एकेक तुकडा पुरा करत जातो आणि वरचं अर्धं वाक्य काय होतं ते त्याच्या डोक्यातून गेलेलं असतं. अशी यादी हातात आली की चिन्हं दुरुस्त करून काही होत नाही. मराठीत यादीच्या आधीचं वाक्य तिथल्या तिथे पुरं करायचं, क्रियापदासकट, आणि मग अपूर्णविराम:

या पॅनलवरून पुढची कामं करता येतात:
• मोटर चालू किंवा बंद करणे
• टायमर सेट करणे
• जुने अलार्म बघणे

आता वरचं वाक्य स्वतःच्या पायावर उभं आहे, खालच्या ओळी नामं आहेत, एकही चिन्ह लागत नाही आणि कुठे काही लोंबकळत नाही. मी माझ्या टीमला सांगतो की यादी पूर्ण झाकली तरी वरचं वाक्य वाक्य वाटलं पाहिजे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं ठेवा.

कोणी म्हणेल की मराठीची स्वतःची पद्धत सोडून हे काय नवीन. पण विरामचिन्हं आपल्याकडे इंग्रजीवरूनच आली, एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुजवली. त्याआधी पोथ्यांत दंड, म्हणजे उभ्या रेघा, होते आणि मोडीत तर शब्दसुद्धा तोडत नसत, एका रेघेखाली सलग लिहीत जायचे. म्हणजे चिन्हं बाहेरून आली पण वाक्याची ठेवण आपली राहिली, आणि चिन्हांनी त्या ठेवणीच्या मागून चालावं. कॅपिटल अक्षरांवरची इंग्रजी गाईडमधली पानंच्या पानं आपल्याला लागूच नाहीत, तशी अर्ध्या वाक्याची यादीही लागू नाही.

पूर्णविराम न देण्याचं एक व्यवहाराचं कारणही आहे. ओळीच्या शेवटी पासवर्ड, फाईलचं नाव, वेबचा पत्ता, पॅरामीटरचा कोड किंवा दशांश आकडा असेल तर पूर्णविराम त्या गोष्टीचाच भाग वाटतो. मी नवीन असताना एका कंट्रोलरच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या लॉगिनचा पासवर्ड ओळीच्या शेवटी लिहिला आणि वाक्य पुरं झालं म्हणून इमानदारीने टिंब दिलं. व्याकरण एकदम बरोबर, पण साईटवरची माणसं टिंबासकट पासवर्ड टाकत राहिली, लॉगिन होईना, आणि सर्व्हिस इंजिनिअरला फोनवर फोन. चूक माझी होती. तेव्हापासून असा मजकूर मी ओळीच्या मध्ये घेतो आणि शेवटी क्रियापद ठेवतो, "पासवर्डच्या चौकटीत अमुक-अमुक टाईप करा." इथे मराठीची ठेवण आपल्या कामी येते, क्रियापद शेवटी असल्यामुळे टिंब क्रियापदाला चिकटतं, पासवर्डला नाही. इंग्रजीवाल्यांना हे इतकं सहज जमत नाही.

आता आडवी यादी, म्हणजे वाक्याच्या आतली. तुमचा "आणि"च्या आधी स्वल्पविराम का हा प्रश्न इथला आहे. मराठीत रूढ पद्धत म्हणजे देत नाहीत, "नट, बोल्ट आणि वॉशर" एवढंच. इंग्रजीत मात्र यावरून कोर्टापर्यंत भांडणं गेलीत. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात कुठल्या कामांना ओव्हरटाईम लागू नाही याची यादी होती: डबाबंद करणं, प्रक्रिया, टिकवणं, गोठवणं, वाळवणं, विक्री, साठवण, आणि शेवटी पाठवणीसाठी पॅकिंग किंवा वितरण. इंग्रजी मजकुरात त्या शेवटच्या "किंवा"च्या आधी स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांचं म्हणणं की इथे एकच काम सांगितलंय, पॅकिंग, मग ते पाठवणीसाठी असो की वितरणासाठी, आणि आम्ही पॅकिंग करतच नाही, आम्ही माल पोचवतो, म्हणून आमचा ओव्हरटाईम द्या. २०१७ मध्ये अपील कोर्टाने मजकूर संदिग्ध आहे म्हणत ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. नंतर तिथल्या विधिमंडळाने कायदा सुधारला तेव्हा कामांच्या मध्ये अर्धविराम घातलेच, पण "वितरण" हे नामही बदलून बाकीच्या शब्दांच्याच रूपात आणलं. म्हणजे त्यांनाही शेवटी सगळ्या शब्दांची जात एक करावीच लागली, मी वर म्हणतोय तेच.

मराठीत नेमका तोच घोळ होत नाही, कारण "पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग" आणि "पाठवणीसाठी पॅकिंग किंवा वितरण" ही दोन वाक्यं प्रत्ययांमुळेच वेगळी पडतात, स्वल्पविरामावर भार येत नाही. आपला घोळ दुसरीकडे होतो, आणि तो तुमच्या चौथ्या ओळीत झालाय. "एअर फिल्टर, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेजची काच पुसणे." "ची" हा प्रत्यय फक्त गेजला लागलाय. मग पुसायची काय, नुसती गेजची काच, की फिल्टर आणि व्हॉल्व्हसुद्धा? नवीन पोरगा ओलं फडकं घेऊन फिल्टर पुसेल, कारण कागदावर तसंच लिहिलंय. स्वल्पविराम हलवून हे सुटणार नाही. तिन्ही गोष्टींना तोच प्रत्यय लागू असेल तर मराठीकडे छान सोय आहे, यादी संपवून "यांचा, यांची, यांना" आणायचं: "पंप, मोटर आणि व्हॉल्व्ह यांचं तापमान नोंदवा." आता कोणी विचारणार नाही की तापमान कशाकशाचं. उलट "पंप, मोटर आणि व्हॉल्व्हचं तापमान" लिहिलं की शंका उभी राहते. बोलताना आपण दुसऱ्या पद्धतीने बोलतो आणि चालून जातं, कारण समोर मशीन असतं आणि बोट दाखवता येतं. कागदावर बोट नसतं.

विशेषणाचंही तसंच. "गंजलेले बोल्ट, नट आणि वॉशर बदला." गंजलेले फक्त बोल्ट की सगळंच? स्टोअरमधून नवे वॉशर काढायचे की नाही हे या एका शब्दावर ठरतं. मग सरळ लिहायचं, "बोल्ट, नट आणि वॉशर यांपैकी जे गंजलेले असतील ते बदला," नाहीतर "सगळे नट, सगळे वॉशर आणि गंजलेले बोल्ट बदला." वाक्य लांबलं तर लांबू दे.

"आणि" व "व" यांचाही मी ठरवून उपयोग करतो. यादीत एखादी जोडी असेल तर जोडीच्या आत "व" आणि यादीच्या शेवटी "आणि". "लाल वायर, पिवळी वायर आणि काळ्या व निळ्या वायरची जोडी." हा काही व्याकरणाचा नियम नाही, माझी सवय आहे, पण कुठली दोन एकत्र बांधली आहेत ते नजरेला लगेच कळतं. तीनपेक्षा जास्त गोष्टी आणि त्यात अशा जोड्या असतील तर आडवी यादी सोडूनच द्या, उभी करा.

आकड्यांच्या यादीत तर स्वल्पविराम घातच करतो. "५००, १,०००, १,५०० आणि २,००० आरपीएमवर कंपन मोजा" यात आकड्यातला स्वल्पविराम कुठला आणि यादीतला कुठला हे थांबून वाचावं लागतं. आपल्याकडे लाखापासून गटही बदलतात, त्यामुळे रकमांच्या यादीत तर आणखीच गुंता. पुस्तकी उपाय म्हणजे मध्ये अर्धविराम. शॉपफ्लोअरवर मी तो वापरत नाही, कारण वाचणाऱ्या बऱ्याच जणांना अर्धविराम आणि स्वल्पविराम छोट्या प्रिंटमध्ये वेगळे दिसतच नाहीत. आकडे एकाखाली एक लिहिले, किंवा छोटा तक्ता केला की झालं. अर्धविराम मी टेंडर आणि करारांसाठी ठेवतो. तिथेही एक गोष्ट त्याच्यावर सोडत नाही: यादीतलं सगळं लागू आहे की कुठलंही एक. जुन्या मसुद्यात हे शेवटून दुसऱ्या ओळीच्या टोकाला असलेल्या एकुलत्या "आणि" किंवा "किंवा"वर टांगलेलं असतं, बारा ओळींच्या यादीत तिथवर कोण पोचतंय? वरच लिहा, "पुढीलपैकी सर्व अटी पूर्ण असाव्यात" किंवा "पुढीलपैकी कोणतंही एक प्रमाणपत्र जोडा." मग ओळींच्या शेवटी काही असो नसो, अर्थ पक्का.

"इत्यादी" आणि "वगैरे" मात्र टेक्निकल यादीतून काढाच. गप्पांत ठीक आहे, पण देखभालीच्या यादीत "इत्यादी" म्हणजे ऑपरेटरला सांगणं की बाकीचं तू ठरव, आणि काही बिघडलं की त्यालाच विचारणार तू का नाही बघितलंस. हे मला पटत नाही. गोष्टी माहीत असतील तर सगळ्या लिहा. खरंच नुसती उदाहरणं द्यायची असतील तर आधीच म्हणा, "उदाहरणार्थ".

अपूर्णविराम की त्यापुढे रेघ, तर नुसता अपूर्णविराम. ती रेघ जुन्या पत्रांतून चालत आलीय, तिने अर्थात काही भर पडत नाही. त्याहून मोठी भानगड वेगळीच आहे, तुमच्या फाईलमध्येही ती असण्याची शक्यता आहे. बऱ्याच मराठी कागदांत अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाईप झालेला असतो. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर अर्धविराम आणि अपूर्णविरामाचं जे बटण असतं तिथे च आणि छ येतात, त्यामुळे अपूर्णविरामासाठी इंग्रजी कीबोर्डवर जावं लागतं, आणि घाईत टायपिस्ट हाताशी असलेला विसर्ग ठोकतो. डोळ्यांना दोन टिंबं दिसतात, काम झाल्यासारखं वाटतं. पण कॉम्प्युटरसाठी तो शब्दाचा भाग झाला: "टीप" चं "टीपः" झालं, अख्खा शब्द म्हणून शोधलं तर सापडत नाही, आणि स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या माणसाला शेवटी "ह" ऐकू येतो. पाठवण्याआधी फाईलमध्ये विसर्ग शोधा. स्वतः, दुःख, विशेषतः, अंशतः असे खरे विसर्ग सोडा, बाकीचे एकेक करून बदला. सगळे एकदम बदलू नका, नाहीतर "स्वतः" मोडेल.

स्क्रीन रीडरवरून आठवलं, बुलेट आणि क्रमांक हाताने टाईप करू नका, वर्डच्या किंवा वेबच्या लिस्टच्या सोयीनेच द्या. तसं केलं तर रीडर सांगतो की इथे यादी आहे, इतक्या ओळींची आहे. हाताने टाकलेल्या रेघांची यादी त्याच्यासाठी नुसता परिच्छेद असतो.

क्रमांकाचं. क्रमाने करायच्या पायऱ्यांना आकडे, क्रम नसलेल्या गोष्टींना बुलेट, यात वादच नको. आकड्यापुढे टिंबापेक्षा कंस मला बरा वाटतो, आणि त्याला कारण आहे: "२. ५ बोल्ट सैल करा" हे घाईत अडीच बोल्ट वाचलं जातं, "२. ५ मिली ऑईल टाका" हे तर त्याहून वाईट, कारण अडीच मिली हे शक्य वाटतं. "२) ५ मिली ऑईल टाका" यात ती भीती नाही. आणखी सुरक्षित म्हणजे ओळीची सुरुवात आकड्याने करूच नका, "ऑईल ५ मिली टाका." मशीनच्या डिस्प्लेवरची व्हॅल्यू मात्र डिस्प्लेवर जशा आकड्यांत दिसते तशीच लिहा. मराठीतला १ इंग्रजी नऊसारखा आणि ४ इंग्रजी आठसारखा दिसतो, एका पानावर दोन्ही आकडे मिसळले तर गडबड होतेच.

अ, ब, क मी पोटयादीसाठी ठेवतो. एक अडचण सांगून ठेवतो, आपण शाळेपासून अ, ब, क, ड म्हणतो पण वर्डमधली हिंदी क्रमांकाची सोय स्वरांच्या किंवा व्यंजनांच्या क्रमाने जाते, अ, आ, इ किंवा क, ख, ग. मधल्या एखाद्या माणसाने ती लावली की "मुद्दा ब बघा" असं जिथे लिहिलंय तिथे ब सापडतच नाही. वेबपेज असेल तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, स्वतःची क्रमांकमाला अ, ब, क, ड अशी सांगता येते, आकड्यांसाठी देवनागरी हा प्रकार तयारच मिळतो. वर्डमध्ये मी पोटयादीला सरळ २.१, २.२ देतो आणि मोकळा होतो.

थोडक्यात तुमच्या यादीसाठी क्रम असा: वरचं वाक्य पुरं करायचं, ओळी एका जातीच्या करायच्या, प्रत्यय कशाकशाला लागतोय ते बघायचं, आणि मग चिन्ह. मी तुमच्या एसओपीचं असं केलं:

दररोज सकाळी कॉम्प्रेसर सुरू करण्याआधी पुढची कामं याच क्रमाने करा:
१) मेन स्विच बंद असल्याची खात्री करा.
२) टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, साचलेलं पाणी काढा आणि व्हॉल्व्ह पुन्हा बंद करा.
३) ऑईलची पातळी साईट ग्लासवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे का ते बघा.
४) बेल्टचा ताण तपासा.
५) एअर फिल्टर काढा आणि त्यावरची धूळ झटका.
६) प्रेशर गेजची काच कोरड्या फडक्याने पुसा.

मेन स्विचची ओळ मी घातलीय, बेल्टला हात लावायच्या आधी ती पाहिजेच, तुमच्याकडे ती आधीच्या पानावर असेल तर काढा. फिल्टर झटकायचा की हवेने साफ करायचा हे त्याच्या प्रकारावर आहे, मॅन्युअल बघून घाला. आणि सातवी ओळ मी लिहिलेली नाही. तुमच्या मूळ यादीत सेफ्टी व्हॉल्व्ह होता, पण त्याचं काय करायचं होतं, पुसायचा, नुसता बघायचा, की रिंग ओढून तपासायचा, हे त्या वाक्यातून कुणालाच सांगता येणार नाही, आणि माझ्या मते तुमच्या तीन तपासणाऱ्यांपैकीही कुणी विचारलेलं नाही. उद्या सकाळी मेंटेनन्सच्या हेडला विचारा, ते जे क्रियापद सांगतील ते शेवटी घाला आणि पूर्णविराम द्या.